कानाचं वय आणि डोळ्याचं वय

तुम्ही विचारलंय की लेक ६ वर्षांची, मुलगा १० चा, भाची १४ ची, तिघंही इंग्रजी माध्यमात. पुठ्ठ्यावरचा वयोगट बघून मराठी पुस्तकांचा संच मागवला आणि तो तसाच पडून आहे. मग कोणत्या वयाला द्यायचं तरी काय?

मी तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग गेली बारा वर्षं सांभाळते. माझा अनुभव असा की प्रत्येक मुलाची दोन वयं असतात, एक कानाचं आणि एक डोळ्याचं. दहा वर्षांचं पोर आजीच्या तोंडून महाभारत ऐकतं तेव्हा त्यातले डावपेच, रुसवेफुगवे, सगळं त्याला कळतं. तेच कागदावर आलं की दुसरीतल्या मुलासारखं अडखळतं. इंग्रजी माध्यमात हे अंतर वाढत जातं, कारण मराठी दिवसभर कानावर पडते आणि डोळ्यांपुढे आठवड्यातून मोजक्या तासांनाच येते. पुठ्ठ्यावर छापलेलं '८ ते १०' हे बहुतेक वेळा कानाचं वय असतं.

गेल्या उन्हाळ्यात पाचवीत गेलेला एक मुलगा आला होता. इंग्रजीतल्या जाडजूड कादंबऱ्यांचा फडशा पाडणारा. मी त्याला एका मराठी गोष्टीचं पान मोठ्यानं वाचायला दिलं. तिसऱ्या ओळीत 'कपाटाखालून' आलं आणि बोट तिथेच थांबलं. क-पा-टा-खा... कपाट त्याला माहीत, खालून माहीत. पण इंग्रजीत जे सुटे सुटे शब्द असतात ते आपल्याकडे नामाला चिकटतात आणि लांबलचक आगगाडी होते. पुढे 'रस्त्यावरच्या', मग 'कुत्र्याच्या'. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरून गेलेली. त्यानं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. त्याची आई म्हणाली, याला मराठीची आवडच नाही. आवड होती हो, दम लागत होता.

त्यामुळे विकत घेण्याआधी मधलंच एखादं पान मुलाला वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आत्ता तुम्ही वाचून दाखवायचं. एखाद-दुसरंच मिटलं तर त्याच्या हातात द्यायचं. अक्षराचा आकार आणि जोडाक्षरांची गर्दीही बघा. मराठी वाचनाची खरी चढण तिथेच असते.

६ वर्षांच्या लेकीसाठी माधुरी पुरंदरे यांच्यापासून सुरुवात करा. 'राधाचं घर' आणि यश नावाच्या मुलाच्या गोष्टी घ्या. घरातली माणसं, शाळा, आजारपण, एवढंच त्यात असतं आणि मुलं तेच पुस्तक दहा-दहा वेळा मागतात. त्यांच्याच 'चित्रवाचन'मधली चित्रं बघत नुसत्या गप्पा मारा. शिवाय विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश'. कविता मोठ्यानं म्हणा, अर्थ समजावत बसू नका.

१० वर्षांच्या मुलाचं काम थोडं नाजूक आहे. त्याच्या डोळ्याला जमेल ते पुस्तक त्याला 'बाळबोध' वाटणार आणि तो चिडणार. यावर माझा हमखास उपाय म्हणजे त्याला धाकट्या बहिणीला वाचून दाखवायचं काम द्या. तिच्यासाठी म्हणून सोपी पुस्तकं वाचताना त्याला कमीपणा वाटत नाही, आणि दोन-तीन महिन्यांत जोडाक्षरांवरची जीभ मोकळी होते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. तिथे वयाऐवजी चार पातळ्या दिलेल्या असतात, हे मला फार पटतं. पहिल्या-दुसऱ्या पातळीपासून चढत जा.

कानासाठी मात्र त्याला त्याच्या वयाचं, भरपूर घडामोडींचं द्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो. फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, सायकल, आणि ते 'ट्टॉक'. काळ जुना आहे, पण पोरं त्याला अडत नाहीत. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे वाचून दाखवायला तर फारच सोपा, संवाद आयतेच तोंडात बसतात. आणि 'तोत्तोचान', चेतना सरदेशमुख-गोसावी यांचा अनुवाद. प्रकरणं अगदी छोटी आहेत. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा म्हटल्यावर कुठलंही मूल कान टवकारतं.

'श्यामची आई'बद्दल मुद्दाम सांगते, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. माझ्या मुलीला आठव्या वाढदिवसाला ते दिलं. वीस पानांत तिनं मिटलं, आणि पुढची तीन वर्षं त्या पुस्तकाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातलं कोकण, ती गरिबी, ते सोवळंओवळं आजच्या मुलाला एकट्यानं उलगडत नाही. पण पुस्तकाची रचनाच रात्रीच्या गोष्टींची आहे, एकूण ४२ रात्री. ती अकरा वर्षांची झाल्यावर आम्ही जेवणं झाली की रोज एक रात्र वाचली. मध्ये थांबून तिनं विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात. हे पुस्तक शेजारी बसून वाचायचं आहे.

भाची १४ वर्षांची. इथे उलटीच गफलत होते. नायक लहान मुलगा म्हणून पालक 'वनवास' दहा वर्षांच्या मुलाला देतात. प्रकाश नारायण संतांचा लंपन लहान आहे खरा, पण ते लेखन मनाच्या फार आतलं आहे. तेरा-चौदाव्या वर्षी ते लागू पडतं. मिलिंद बोकीलांची 'शाळा' नववीतल्या मुलामुलींची आहे, भाची त्याच वयाची. त्यात शिव्या आहेत, चोरटं प्रेम आहे. तुम्ही आधी वाचा आणि मग बिनधास्त द्या. लपवून वाचण्यापेक्षा मावशीनं किंवा मामानं दिलेलं बरं. मोठ्या पुस्तकाची धास्ती असेल तर माडगूळकरांची 'बनगरवाडी', पातळ आणि स्वच्छ भाषेतली. आणि शांता शेळके यांची 'चौघीजणी'. मूळ गोष्ट अमेरिकेतली, पण शांताबाईंचं मराठी इतकं घरचं आहे की चार बहिणींची भांडणं शेजारच्या बिऱ्हाडातली वाटतात.

अनुवादित संचांपासून जरा जपून. चकचकीत पुठ्ठा, जगप्रसिद्ध गोष्ट, आणि आत 'त्याने आपले डोके हलवले' असलं मराठी. आपण म्हणतो 'त्यानं मान डोलावली'. दुकानात उभ्या उभ्या एक परिच्छेद पुटपुटून बघा. तुमची जीभ अडली तर मुलाचं मन लागायचं नाही.

पडून असलेला संच फेकू नका. शनिवारी संध्याकाळी त्यातली एक गोष्ट स्वतः वाचायला घ्या, तिघांना ऐकू येईल अशी. भाची लक्ष नाही असं दाखवेल, दाखवू दे. आणि लेकीला सध्या कशाचं वेड आहे ते कळवा, मांजरं, भुतं, की जेसीबी. त्याप्रमाणे आमच्या कपाटातली आणखी चार-पाच नावं सांगते.