ऑपरेशनला तीन वर्षं झाली, तरी संडासचा त्रास चालूच

प्रश्न: वय ५६. गुदाशयाचा कॅन्सर होता, आधी रेडिएशन मग ऑपरेशन, मल गोळा करायची पोटावरची पिशवी नंतर बंद केली. तीन वर्षं झाली, रिपोर्ट चांगले आहेत, पण दिवसातून सात-आठ वेळा जावं लागतं, जाऊन आलं की अर्ध्या तासात परत, आणि मग कधी दोन दिवस काहीच नाही. एसटीत बसायची भीती वाटते म्हणून आदल्या दिवशी जेवतच नाही. सर्जन म्हणाले जीव वाचला ना, एवढं चालायचंच. खरंच का हो डॉक्टर?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर: नाही ताई, अजिबात नाही. याला लार्स (LARS, म्हणजे गुदाशयाच्या ऑपरेशननंतर राहणारा संडासचा त्रास) म्हणतात, गुदाशय काढलेल्या खूप जणांना होतं, फक्त लाजेपोटी कुणी बोलत नाही. गुदाशय म्हणजे मल साठायची जागा, ती काढून वरचं आतडं खाली जोडलं की साठवायला तेवढी जागाच उरत नाही, त्यात रेडिएशनने आतडं कडक होतं, नसांना इजा झालेली असते, म्हणून थोडं थोडं, परत परत आणि एकदम घाई. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ तितका त्रास जास्त.

आपोआप सुधारायचं ते बहुतेक पहिल्या एक-दोन वर्षांत सुधारतं, तेव्हा आता नुसती वाट बघू नका. २०१२ साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी यासाठी पाच प्रश्नांचा स्कोअर काढलाय, ४२ पैकी ३० किंवा जास्त आला तर त्रास मोठा. तो भरून घ्या, म्हणजे ‘चालायचंच’ म्हणणाऱ्यांसमोर आकडा ठेवता येईल.

आणि उपाशी राहणं कृपया थांबवा, त्याने अशक्तपणा येतो आणि पोटाचं वेळापत्रक अजून बिघडतं. ठरलेल्या वेळी थोडं थोडं खा, चहा-कॉफी, तिखट, दूध यातलं काय बाधतं ते वहीत लिहा. इसबगोलने मल बांधून येतो. लोपरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायची गोळी, जेवणाआधी अर्धा तास घेतात, पण तुम्हाला मध्येच दोन दिवस होत नाही, त्यामुळे डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. ओटीपोटाच्या तळाच्या, म्हणजे संडास रोखून धरणाऱ्या स्नायूंचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिका. एवढ्याने भागलं नाही तर खालून कोमट पाण्याने आतडं धुवायची पद्धत आहे, नर्सकडून नीट शिकून घरी करता येते, पुढचे काही तास निर्धास्त जातात, आणि तुमच्या एसटीच्या प्रवासासाठी मला हीच सगळ्यात उपयोगी वाटते. त्यापुढे नसांना सौम्य करंट देणारं यंत्र, आणि अगदीच नाही जमलं तर परत पिशवी. त्यात हार वगैरे काही नाही, काहीजण पिशवीसोबतच जास्त मोकळे फिरतात.

रक्त पडलं, वजन उतरलं किंवा सवय अचानक बदलली तर मात्र लार्स समजून घरी थांबू नका, लगेच दाखवा.