पिंग लागतो, मग आकडे का बिघडतात?

प्रश्न : वजनकाट्याचा आरएस-२३२ पोर्ट सिरियल डिव्हाइस सर्व्हरला (सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणारा छोटा डबा) जोडला आहे. पिंग लागतो (नेटवर्कवरून हाक दिली की डबा उत्तर देतो), पण स्क्रीनवर काही आकडे नीट येतात आणि काहींच्या जागी भलतीच चिन्हे. डबा खराब आहे का?

उत्तर : डब्याला काही झालेले नाही. पिंग लागला म्हणजे आयपी पत्ता आणि सबनेट मास्क जमले, एवढेच. सिरियल केबल उपटून ठेवली तरी तो लागतच राहील. घोळ सिरियल बाजूला आहे, आणि तो बहुधा बॉड रेटचाही (बिट पाठवण्याच्या वेगाचा) नाही. बॉड रेट चुकला की सगळाच कचरा येतो.

०, ३, ५, ६, ९ नीट आणि १, २, ४, ७, ८ बिघडलेले, अशी वाटणी दिसते का पाहा. दिसली तर काटा ७-ई-१ वर पाठवतोय (७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी म्हणजे १ असलेल्या बिटांची संख्या सम करणारा तपासणी बिट, १ स्टॉप बिट) आणि डबा ८-एन-१ वर (८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट) वाचतोय. स्टार्ट बिट धरून दोन्हीकडे १० बिटच होतात, म्हणून फ्रेम तुटत नाही. पॅरिटीचा बिट मात्र आठवा डेटा बिट समजला जातो. ‘१’च्या आस्की कोडमध्ये (अक्षरासाठी ठरलेल्या आकड्यात) तीन बिट १ असतात, म्हणून पॅरिटी बिटही १ होतो आणि अक्षर बदलते. ‘३’मध्ये असे बिट चार. तिथे पॅरिटी ०, अक्षर शाबूत. वाटणी नेमकी उलटी असेल तर पॅरिटी ऑड (विषम) आहे.

काहीच न येणे हा वेगळा आजार. २ आणि ३ नंबरच्या पिनांची अदलाबदल करून पाहा, ५ नंबरची ग्राउंड तपासा. तीनच तारा ओढल्या असतील तर आरटीएस/सीटीएस फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून ‘थांब’, ‘पाठव’ सांगण्याची सोय) बंद हवा.

प्रश्न : डबा कुठल्या मोडमध्ये ठेवू : टीसीपी सर्व्हर, टीसीपी क्लायंट की व्हर्च्युअल कॉम?

उत्तर : सर्व्हर मोडमध्ये डबा पोर्ट उघडून वाट पाहतो, संगणकाने जोडणी करायची. क्लायंट मोडमध्ये डबाच संगणकाकडे जातो, म्हणून तिकडचा पत्ता आणि पोर्ट त्याला भरून द्यावा लागतो. सॉफ्टवेअर जुने असून त्याला ‘कॉम ३’ शिवाय काही कळत नसेल, तर व्हर्च्युअल कॉमचा ड्रायव्हर टाका; तो डब्याचा पोर्ट संगणकाचाच कॉम (सिरियल) पोर्ट असल्यासारखा दाखवतो. साध्या टीसीपीवर सॉफ्टवेअरमध्ये बॉड रेट बदलून काहीच होत नाही, डब्यातला आकडाच चालतो. नेटवर्कवरून तो बदलायचा तर आरएफसी २२१७ या मानकासारखी सोय दोन्ही टोकांना लागते.

प्रश्न : एकच वजन कधी कधी दोन तुकड्यांत येते. टाइमआउट वाढवू का?

उत्तर : कुठला टाइमआउट, ते आधी बघा. सेटिंगच्या पानावर दोन-तीन असतात. टीसीपीला संदेशाची सुरुवात-शेवट कळत नाही, ती फक्त बाइटची धार. काटा ओळीअखेर ०डी ०ए (ओळ संपल्याचे दोन बाइट, हेक्समध्ये) पाठवत असेल तर पॅकिंगमध्ये (बाइट एकत्र करून पाठवण्याच्या सेटिंगमध्ये) तेच डिलिमिटर, म्हणजे शेवटाची खूण, द्या. तशी खूण नसेल तर अक्षरांमधला खंड मोजणारा टाइमआउट वापरा : ९६०० बॉडला एक अक्षर सुमारे १ मिलिसेकंद घेते, तेव्हा १० मिलिसेकंदांपासून सुरू करा. तरीही वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने ओळ पूर्ण होईपर्यंत बाइट साठवायलाच हवेत; वाटेत तुकडे पडणार नाहीत याची हमी डबा देऊ शकत नाही.

इनॅक्टिव्हिटी टाइमआउट वेगळा, तो गप्प जोडणी तोडतो. काटा तासन्‌तास गप्प राहत असेल तर हा टाइमआउट ० ठेवा (बहुतेक डब्यांत ० म्हणजे बंद), पण टीसीपी कीप-अलाइव्ह (समोरचा अजून आहे का, हे अधूनमधून विचारणे) चालू असू द्या. नाहीतर संगणक अचानक बंद पडला की डबा ती मेलेली जोडणी धरून बसतो, आणि एकाच जोडणीची मुभा असेल तर नव्याला दारातच अडवतो.