ग्रीक पुराणांतला द्रष्टा टायरेसियस आंधळा कसा झाला?

एकच उत्तर नाही. ग्रीक कथांमध्ये एका प्रसंगाच्या दोन-तीन कथा सुखाने नांदतात.

जास्त गाजलेली कथा अशी: थीब्ज नगरीतल्या या माणसाने जुगणाऱ्या सापांच्या जोडीवर काठी मारली आणि तो बाई झाला. सात वर्षांनी पुन्हा तसेच साप दिसले, पुन्हा काठी मारली, पुन्हा पुरुष. पुढे देवांचा राजा झ्यूस आणि त्याची बायको हेरा यांचं भांडण जुंपलं: शय्यासुख जास्त कुणाला, बाईला की पुरुषाला? दोन्ही अनुभव असलेला एवढाच माणूस, म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, दहातले नऊ वाटे बाईला. हेराने चिडून त्याची दृष्टी घेतली. एका देवाने केलेलं दुसऱ्याला पुसता येत नाही, म्हणून झ्यूसने भरपाईदाखल भविष्यज्ञान आणि सात पिढ्यांचं आयुष्य दिलं. (नवरा-बायकोच्या भांडणात पंच होऊ नये, हे तेव्हाही खरं होतं!)

कॅलिमॅकस हा कवी वेगळंच सांगतो: टायरेसियसने अथीना देवीला नकळत नहाताना पाहिलं, म्हणून त्याचे डोळे गेले. त्याची आई कॅरिक्लो अथीनाची लाडकी सखी. तिच्या आक्रोशामुळे देवीने पक्ष्यांवरून शकुन ओळखण्याची विद्या आणि वाट दाखवणारी काठी दिली. मला ही कथा अधिक करुण वाटते, कारण इथे त्याचा काहीच गुन्हा नाही.

मेल्यावरही त्याची बुद्धी शाबूत राहिली. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात नायक ओडिसियस पाताळाच्या दारी जातो तो मुख्यतः त्यालाच घरची वाट विचारायला.