एसएमसीच्या (शाळा व्यवस्थापन समितीच्या) नव्या अध्यक्ष झालात ना ताई, मग हे आधी वाचा

ताई, पहिल्या मीटिंगलाच हेडसरांकडून कॅशबुक मागून घ्या, संकोच करू नका, अनुदान कुठं खर्च झालं हे बघणं समितीचं कामच आहे, २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय, आणि समितीत ७५ टक्के पालक असतात ते त्यासाठीच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं, पट ३० च्या वर ते १०० पर्यंत असेल तर वर्षाला २५ हजार, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेला. शिक्षकांच्या बदल्या आपल्या हातात नाहीत, तो विषय सोडा.

कोऱ्या प्रोसिडिंगवर (मीटिंगच्या इतिवृत्तावर) सही मात्र अजिबात नको! आमच्याकडं तशा सह्या घेतल्या, नंतर वर 'रंगकाम' लिहिलं आणि भिंतींचे पोपडे तसेच. फार वाईट वाटलं होतं. शाळेच्या विकास आराखड्यात मुलींच्या टॉयलेटचं पाणी सगळ्यात वर लिहा.