अप्पांची दोन कामे आणि तुझी परीक्षा

पत्र : मी जळगावला कंपनी सेक्रेटरीचा अभ्यास करते. माझे वडील, अप्पा, पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीचे मुख्याधिकारी होते. मागच्या वर्षी निवृत्त होऊन ते घरी परतले. धडगावकडच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचे काम ते पाहतात आणि इथल्या एमआयडीसीतील कारखानदारांनी कामगारांना मालकीत वाटा द्यावा म्हणूनही फिरतात. दोन्हीकडे त्यांची ओढाताण होते. त्यांनी एक काम सोडावे का? मी परीक्षा पुढे ढकलून त्यांच्या मदतीला जावे का?

उत्तर :

चि. विद्यार्थिनीस,

अप्पांनी कोणतेही काम सोडू नये, पण दोन्ही कामे घेऊन एकाच दारात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या कारखानदाराला ते कामगारांच्या वाट्याविषयी सांगतात, त्याच्याचकडे वसतिगृहासाठी देणगी मागत असतील, तर तो मालक आनंदाने धनादेश देईल आणि आपले कर्तव्य पार पडले असे मानून मालकीचा विषय बाजूला ठेवील. देणगी एका सहीत संपते. मालकी वाटायची तर हिशेबाची वही उघडावी लागते, आणि माणूस सोपी वाट धरतो, यात त्याचा दोष नाही. म्हणून वसतिगृहासाठीचा पैसा अन्य ठिकाणांहून यावा.

वसतिगृहात त्यांनी निदान पहिले वर्ष विश्वस्तपद घेऊ नये. अधिकारपदावर आयुष्य गेलेल्या माणसाला आज्ञा न देता काम करण्याची सवय लागायला वेळ लागतो, आणि तिथल्या अधीक्षिका व स्वयंपाकीण बाईंना जे ठाऊक आहे ते त्यांना अजून शिकायचे आहे. महिन्यातले ठरलेले चार दिवस तिथे मुक्काम करावा. अधूनमधून धावती भेट देण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

मालकीच्या प्रचाराबद्दल मला अधिक काळजी वाटते. आपल्या खान्देशात शेअर म्हटले की १९४५ मध्ये अमळनेरला सुरू झालेल्या, पुढे विप्रो झालेल्या कंपनीची आणि तिचे शेअर सांभाळून ठेवणाऱ्या कुटुंबांची गोष्ट हमखास निघते. ती खरी आहे, मात्र तो शेअर बाजारात विकता येत होता. चटई किंवा पाइप बनवणाऱ्या खाजगी कंपनीचा शेअर कामगाराच्या हाती आला, तर मुलीच्या लग्नाला किंवा नोकरी सोडताना तो विकत कोण घेणार, हे आधी ठरले नसेल तर तो नुसता कागद राहतो. शिवाय शेअर पर्याय, म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क, वापरून शेअर घेताना त्याची रास्त किंमत आणि कामगाराने भरलेली रक्कम यांतील फरक पगारासारखा करपात्र धरला जातो, म्हणजे हाती रोख येण्याआधीच कराचा प्रश्न उभा राहू शकतो. कंपनी कायदा, २०१३ नुसार शेअर पर्याय दिल्यापासून तो वापरता येईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. ठेकेदाराच्या पटावरील मजूर कंपनीचा कर्मचारी नसल्याने या योजनेत बसत नाही. आणि कारखाना भागीदारी संस्थेचा असेल तर शेअर हा प्रकारच नसतो. अप्पांनी भाषणापूर्वी प्रत्येक कारखान्याबाबत एवढे पाहिलेच पाहिजे.

दुसरी वाट सहकाराची आहे. मुंबईत कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे गेली, पण ती आजारी, म्हणजे तोट्यात बुडालेल्या कंपनीची गोष्ट होती. माझ्या मते अप्पांनी चालत्या धंद्यात, जिथे मालकाला वारस नाही किंवा मुले परदेशी आहेत, तिथे प्रथम बोलावे. तिथे मालकालाही आपल्यामागे कारखाना कोण चालवील याची चिंता असते, म्हणून तो मनापासून ऐकतो. असे दोन-तीन कारखाने पुरेत. पन्नास ठिकाणी फिरण्याने त्यांची ओढाताण वाढेल, काम वाढणार नाही.

आता तुझ्याविषयी. परीक्षा पुढे ढकलू नकोस. अप्पांना उद्या ठराव, योजनेचा मसुदा आणि कंपनी रजिस्ट्रारकडची कागदपत्रे करून देणारे माणूस लागेल, आणि अर्ध्यावर अभ्यास सोडलेली मुलगी ते करू शकणार नाही. उत्तीर्ण झाल्यावरचे प्रशिक्षण मोठ्या कंपनीपेक्षा, लहान खाजगी कंपन्यांचे काम पाहणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाकडे मिळाले तर घे. तोवर अप्पांनी तुला फक्त रविवारी एक तास मागावा, आणि त्या तासात तुम्ही दोघांनी एकाच कारखान्याचा एकच प्रश्न सोडवावा : कामगार नोकरी सोडेल तेव्हा त्याचा वाटा कोण, कोणत्या किमतीने आणि किती महिन्यांत परत घेईल.