उपचारातील दिरंगाईमुळेच आईचा मृत्यू झाला, हे ग्राहक आयोगापुढे कसे सिद्ध करायचे?

तुम्ही लिहिले आहे की पोटदुखीमुळे आईंना इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात दाखल केले, दोन दिवस पित्ताचे उपचार झाले, तिसऱ्या दिवशी फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली आणि पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरून त्या गेल्या. मी इंदूरलाच ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. अशा तक्रारी बहुधा अडतात त्या निष्काळजीपणा आणि मृत्यू यांतला कार्यकारणसंबंध जोडताना.

निदान चुकले एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाहीत. त्या लक्षणांत सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने जे केले असते, म्हणजे सोनोग्राफी किंवा सर्जनचा सल्ला, ते झाले नाही हे दाखवावे लागते.

त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे: अपेंडिक्स फुटले केव्हा? दाखल होण्यापूर्वीच फुटले होते, असे समोरचे वकील म्हणतील, आणि वय व मधुमेह असल्यास तेही पुढे करतील. उत्तर कागदांतच शोधावे लागते: दाखल करतानाची पोटाच्या तपासणीची नोंद, परिचारिकांचा नाडी-तापमानाचा तक्ता, रोजचे रक्ताचे अहवाल, शस्त्रक्रियेच्या टिपणातले पुवाचे वर्णन आणि शवविच्छेदन झाले असल्यास त्याचा अहवाल. पहिल्या दिवशी पोट मऊ आणि तिसऱ्या दिवशी कडक अशी नोंद असेल, तर ते मधल्या काळात फुटले या म्हणण्याला बळ मिळते. येथे संशयातीत पुरावा लागत नाही; वेळेत शस्त्रक्रिया झाली असती तर त्या वाचण्याची शक्यता अधिक होती, इतके पटवावे लागते.

म्हणून संपूर्ण फाइल लेखी अर्ज देऊन मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवी. केवळ अखेरच्या सारांशावर विसंबू नका, तो सगळे संपल्यावर लिहिलेला असतो.

तज्ज्ञांचे मत प्रत्येक प्रकरणात अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव प्रकरणात (२०१०) म्हटले आहे; तथापि तुमचा सगळा वाद वेळेचा असल्याने सर्जनचे लेखी मत घ्याच. गावातले डॉक्टर एकमेकांविरुद्ध सहसा लिहून देत नाहीत, तेव्हा भोपाळ किंवा नागपूर गाठावे लागेल.

फौजदारी तक्रारीचा आग्रह मी धरणार नाही, कारण जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) तेथे घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आयोगापुढील मुदत दोन वर्षांची आहे, आणि कागद व मत मिळवण्यातच त्यातले कित्येक महिने जातात.