ट्रायकोडर्मा सोडला तरी डाळिंब वाळतंयच

प्रश्न : राम राम साहेब, सांगोला तालुक्यात आमची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग हाय. पावसाळ्यापासून एका ओळीतली झाडं पिवळी पडून वाळायला लागलीत, एक उपटून बघितलं तर बारीक मुळ्या काळ्या आन साल नुसती हातात निघून येती. दुकानदारानं ट्रायकोडर्मा दिला, कॉपरसोबतच ड्रिपनं सोडला, काय फरक नाही. पुडी डुप्लिकेट असंल का?
– एक वाचक

उत्तर : राम राम दादा. पुडीचं नंतर बघू, आधी कॉपरचं बोलू. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आणि कॉपर बुरशीनाशक, दोन्ही एकाच टाकीत टाकल्यावर उरणार काय? कॉपर असो की कार्बेन्डाझिम, मधे किमान १५ दिवस जाऊ द्या.

आणि ट्रायकोडर्मा हे वाळलेल्या झाडावरचं औषध नाही, गेलेलं झाड गेलंच. ही बुरशी मूळ कुजवणाऱ्या बुरशीच्या धाग्याला वेटोळं घालते, त्याची भिंत विरघळवून त्यालाच खाते, पण त्यासाठी ती जमिनीत आधीपासून मुरलेली पाहिजे. म्हणून शेजारच्या हिरव्या झाडांना द्या. १०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत सावलीत पसरायचं, त्यात १-२ किलो पावडर कालवायची, पाणी शिंपडून गोणपाट झाकायचं, तीन-चार दिवसांनी खालीवर करत राहायचं, दहा-पंधरा दिवसांत खतावर हिरवट बुरशी दिसायला लागते, मग ड्रिपरखाली मुळांजवळ मातीत मिसळून द्या. ताजं शेण नको, ते तापतं. कोरड्या मुरमात नुसती पावडर टाकून तर काहीच हाती लागत नाही.

एकच ओळ वाळतेय म्हणता, तर तिथं पाणी साचतंय का बघा, मला तरी तिथंच शंका येतेय. चर काढल्याशिवाय कुठलीच बुरशी कामाची नाही.

वाळलेल्या झाडाचं खोड उभं चिरून बघा. आत लाकडावर काळपट तपकिरी पट्टे असतील तर तो सेराटोसिस्टिस या बुरशीचा मर रोग असू शकतो, मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक किडे, आणि त्यांना पॅसिलोमायसिस ही वेगळी बुरशी लागते. खात्री करायला माती आणि मुळ्या घेऊन सोलापुरात केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन या. उपटलेलं झाड बांधावर टाकू नका, जाळा.

राहिली पुडी, तर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत बीजाणू पाहिजेत, तेवढे लिहिलेत का आणि एक्सपायरी कधीची ते वाचा. दुकानात उन्हात ठेवलेली पुडी तर घेऊच नका.